संत्रं न खाणाऱ्या बाई

परवा बँकेत ऐन गर्दीच्या वेळी दवाखान्यातून फोन आला. पलीकडची मुलगी लॅबमध्ये नवी असावी, आवाज गोड होता. "मॅडम, तुमचं एक एम्ब्रियो आमच्याकडे फ्रोझन आहे. कंटिन्यू करायचं, रिसर्चला द्यायचं, की डिस्कार्ड करायचं?" सिलिंडर कधी पाठवू असं विचारावं, त्या सुरात तिनं विचारलं. मी "कळवते" म्हटलं आणि काउंटरपलीकडच्या आजोबांच्या हातात भलत्याच माणसाचं पासबुक ठेवलं.

बाई असत्या तर असा फोन आलाच नसता.

बाई म्हणजे नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापलीकडच्या त्या दवाखान्यातल्या, लॅबच्या बाई. ज्यांना मूल होत नाही त्यांची बीजं काचेच्या बशीत एकत्र आणायची, गर्भ तयार झाला की त्याला चार-पाच दिवस वाढवायचं, मग आईच्या पोटात सोडायचं किंवा पुढच्या वेळेसाठी नायट्रोजनच्या कडाक्याच्या थंडीत जपून ठेवायचं, हे त्यांचं काम. हुद्दा लांबलचक होता, दारावर त्याची पाटीही होती. पण मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. 'फ्रोझन' हा शब्द त्यांनी आपल्या हयातीत कुणाला उच्चारू दिला नाही. कुणी चुकून म्हटलंच, तर "मटार आहे का तो?" असं विचारून त्या समोरच्याचा पाणउतारा करत. त्यांच्याकडे गर्भ गोठत नसत, निजत. थंडीतून बाहेर काढला की तो उठे. "तुमचं एक निजलेलं आहे" असं त्या सांगत, आणि ते ऐकल्यावर भांडकुदळ माणूससुद्धा आवाज खाली आणून बोलायला लागे.

भांडकुदळ म्हणजे मीच. आमची पहिली भेट भांडणानंच झाली. चांगल्या कामाला चाललो म्हणून नवऱ्यानं घोटून दाढी केली होती, गालांना सुगंधी पाणी चोपडलं होतं. मी मोगऱ्याचा गजरा माळला होता. बाईंनी बाहेरच्या दारातच आमचा वास घेतला. अगदी नाक पुढे करून घेतला, दूध नासलं का बघतात तसा. नवऱ्याला त्यांनी खाली रसवंतीपाशी जाऊन उभं राहायला सांगितलं आणि मला गजरा काढायला लावला. मी महाल पेठेत वाढलेली, नाकावर माशी बसू देत नाही. म्हटलं, हा दवाखाना आहे की जकात नाका? बाई रागावल्या नाहीत. माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"आतल्याईले नाक नसते वं," त्या म्हणाल्या. "त्याईचं सारं अंगच नाक असते."

मोगरा मी दाराबाहेर ठेवला. परत जाताना उचलायला विसरले.

पुढे कळलं की हे त्यांचं खूळ नव्हतं. अत्तर, अगरबत्ती, भिंतीचा ताजा रंग, असल्या गोष्टींची वाफ त्या कोवळ्या जिवांना बाधू शकते, म्हणून आतली हवासुद्धा गाळून घेतलेली असते. पण बाईंनी ते पाळणं खुळापर्यंत नेलं होतं हेही खरंच. पायरीवर बसून तर्री पोहा खाणाऱ्या लोकांना त्या आपली बाटली देऊन चूळ भरायला लावत. घरी उदबत्ती नाही, फोडणीला हिंग नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे संत्रं नाही.

बाईंचं माहेर नरखेडकडचं. वडिलांची संत्र्याची बाग होती, आता भाऊ बघायचा. लग्न त्यांनी केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हंगामात सगळं नागपूर चालता-बोलता संत्री सोलत असतं, तेव्हा बाई पदर नाकाशी धरून हातगाड्यांच्या बाजूनं झपाझप निघून जात. संत्र्याच्या सालीचं तेल बोटांत मुरतं, कितीही साबण लावा, दिवसभर वास जात नाही. त्याच बोटांनी त्यांना आत काम करायचं असे. भाऊ न चुकता पेटी पाठवी. बाई ती फाटकाबाहेरच उघडायला लावत आणि आम्हाला वाटून टाकत, तलावाकडे जाऊन खा असं बजावत. दुसऱ्या दिवशी मात्र ज्यानं त्यानं हजेरी द्यायची. "गोड होतं का?" त्या विचारत. हो म्हटलं की मान डोलवत, त्यांच्याच तोंडात रस उतरल्यासारखी.

आणखीही कितीतरी होतं. निजलेल्या लेकराकडे टक लावून पाहू नये, दृष्ट लागते, हे आपल्याकडे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. बाईंचा तर धंदाच निजलेल्यांना सूक्ष्मदर्शकातून न्याहाळण्याचा. मग त्यांनी तोड काढली होती. नायट्रोजनच्या त्या मोठ्या स्टीलच्या टाकीला, खाली एका कोपऱ्यात, त्या काजळाची तीट लावत. डॉक्टर पुसून टाकायला लावत. ती परत उगवे. शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले.

एकदा लॅबच्या काचेतून मला बाई नुसत्या बसलेल्या दिसल्या. समोर काही काम नाही, उजव्या हाताची मूठ मिटलेली, ती छातीशी धरलेली. बराच वेळ त्या तशाच होत्या. मी मावशींना विचारलं. मावशी हळूच म्हणाल्या, "आज एकाची पाठवणी आहे." कुणी जोडप्यानं आता नको असं ठरवलं, की ते निजलेलं थंडीतून काढून सोडून द्यावं लागतं. त्याला दवाखान्यात काय शब्द असेल तो असो, बाई पाठवणी म्हणत. लेक सासरी निघाली की म्हणतात तेच.

आता ताणाची गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

लग्नाला वर्षं झाली आणि मूल नाही म्हटलं की सगळं जग तुम्हाला एकच सल्ला देतं, ताण घेऊ नकोस. आत्या सांगते, शेजारीण सांगते, बँकेतला शिपाईसुद्धा सांगतो. हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात बीजं काढल्यावर माझं पोट इतकं फुगलं, इतकं दुखलं, की डॉक्टर म्हणाले लगेच गर्भ सोडणं नको, शरीर शांत होऊ दे, तोवर जपून ठेवू. तीन गर्भ तयार झाले होते. हाताशी आलेलं कुणी परत कपाटात टाकावं असं मला झालं. मी बाकावर बसून रडत होते, शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांचा तर जीवच उडाला होता. बर्फातलं लेकरू, ते कसं धड निपजणार, हे त्यांनी घरापासून इथपर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं. तेवढ्यात बाई आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "काहून रडून राहिली वं? आपण ताण देऊन राहिलो ना आता."

मी ताडकन उठले. म्हटलं, अजून किती ताण देणार आहात, एवढा दिला तो पुरला नाही का? शेजारच्या बायका बघायला लागल्या. बाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांना कळेना यात रागवण्यासारखं काय आहे. आणि माझ्या सासूबाई, गेले कितीतरी दिवस ज्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती त्या, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

सासूबाईंचंही माहेर त्याच बाजूचं, बागायतदारांचं. त्यांनी मला समजावलं. संत्र्याच्या झाडाला बहर यावा म्हणून आधी त्याचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, पानं गळतात, परका माणूस म्हणेल मेलं. ते मेलेलं नसतं. ते थांबलेलं असतं. मग बेतानं पाणी सोडलं की एकदम फुलून येतं. "बाप्पा, असं सांगाव ना मंग," सासूबाई बाईंना म्हणाल्या, "आम्ही बर्फ बर्फ करून घाबरून राहिलो." त्या दिवसापासून माझी सासू बाईंच्या पक्षात गेली. दवाखान्यात जायच्या दिवशी माझ्याआधी तिची साडी नेसून तयार.

पहिलं उठलं, पण रुजलं नाही. बाईंनी तेव्हा धीर वगैरे काही दिला नाही. लॅबमधून आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. उठताना मात्र म्हणाल्या की केसांना तेल कोणतं लावतेस, वास येतो, बदल.

दुसऱ्याच्या वेळी त्यांचा सकाळी फोन आला. आवाजात खुशी होती. उठलं, म्हणाल्या, आणि फुगून राहिलं. थंडीतून काढल्यावर गर्भ आधी आक्रसलेला असतो, जिवंत असला तर काही वेळानं हळूहळू फुलतो. बाईंचं त्यावर म्हणणं असं, की उठल्या उठल्या कोण अंग सैल सोडते? ती माझी मुलगी. आता दुसरीत आहे, आणि अजूनही उठल्यावर तासभर तिच्याशी कुणी बोलायचं नसतं.

शेवटच्या महिन्यांत माझं ब्लडप्रेशर चढलं, पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. घाईनं शस्त्रक्रिया करून मुलीला बाहेर काढलं. अशी थंडीतून आलेली बाळं बऱ्याचदा जराशी वजनदारच निघतात म्हणे. आमची चांगली गुबगुबीत होती, नर्सला दोन्ही हात लावावे लागले. तिचं सगळं ठीक होतं. ठीक नव्हते मी. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा हे नको, जिवावर बेतेल. टाकीत एक निजलेलं राहिलं होतं.

मुलगी झाली फाल्गुनात, आणि पुढे नागपूरचा मे. सासूबाईंना ताण पटला होता, पण बाळ हातात आल्यावर बर्फ पुन्हा आठवला. बाळाच्या हाडात गारठा असणार, असं त्यांनी ठरवलं. कुंची, मोजे, वर गोधडी, आणि कूलर बंद. आम्ही सगळे घामानं निथळतोय आणि मध्ये ते गाठोडं. मी ओरडले, नवरा ओरडला, सासूबाई ऐकेनात. खरं सांगायचं तर मीही पूर्ण मनानं ओरडत नव्हते. माझ्याही पोटात तीच भीती होती. पोरीच्या अंगावर घामोळं उठलं, अंग तापलं, तेव्हा मी बाईंना फोन केला.

बाई कधी पेशंटच्या घरी जात नसत. त्या भर दुपारी रिक्षा करून महालातल्या आमच्या घरी आल्या. हात धुतले, एकेक कपडा उतरवून बाळाला उघडं केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, मला पाजायला सांगितलं, कूलर लावला. बाळानं हातपाय झाडले आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपलं.

"बर्फातून नाही आली ते," बाई सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सुनेच्या पोटातून आली. तिथं बाराही महिने उन्हाळाच असते."

सासूबाई आत गेल्यावर मी त्यांना विचारलं, की खरंच काही राहिलं नसेल ना तिच्यात त्या थंडीचं? बाईंनी मला खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, पहिले पाच दिवस माझे, त्यांचं मी सांगू शकते, पुढचं बाळाच्या डॉक्टरांना विचारत राहा. अशी पुष्कळ लेकरं चांगली वाढलेली मी पाहिली आहेत, पण देवाची सही आणून देता येत नाही. आणि मग मुलीकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाल्या, निजली आहे ना, चला, उठा इथून.

बाईंनी काम सोडलं ते एका सकाळी. आत काम करताना त्यांचा हात हलला. काही सांडलं नाही, कुणाचं नुकसान झालं नाही, शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाही दिसलं नाही. बाईंना दिसलं. हातातलं काम त्यांनी तिला पुरं करायला लावलं, टाकीला तीट लावली आणि घरी गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. डॉक्टर दोनदा घरी जाऊन आले म्हणतात. तोवर बाई नरखेडला भावाकडे निघून गेल्या होत्या.

मला त्यांच्याकडे जायचंच होतं, पण कारण ते एक निजलेलं होतं. ते माझ्या मानगुटीवरून उतरत नव्हतं. मुलगी शाळेतून येऊन विचारायची की सगळ्यांना भाऊ-बहीण आहे, मला का नाही. उन्हाळ्यात लाइट गेली की घरातल्या फ्रिजच्या आधी मला ती टाकी आठवायची. त्या टाकीला वीज लागत नाही हे बाईंनी मला हजारदा सांगितलं होतं. तरी रात्र असो, दिवस असो, माझा जीव सक्करदऱ्याकडे धावायचा. मला ते हवं होतं. होणार नव्हतं, तरी हवं होतं. मोठं आहे की छोटं, पोरगा की पोरगी, काही ठाऊक नाही, आणि तरी त्याला मी घरात वावरताना बघत असे.

गेल्या हंगामात सासूबाईंना घेऊन मी एसटीनं गेले. बाई बागेत बाजेवर बसल्या होत्या आणि संत्रं खात होत्या. पुढ्यात सालींचा ढीग, बोटं पिवळी, हनुवटीवर रस. मी पाहतच राहिले. त्यांनी ती बोटं माझ्या नाकाशी धरली आणि लहान पोरीसारख्या हसल्या. हात आता चांगलाच थरथरत होता. सासूबाई बाईंच्या वहिनीबरोबर बाग बघायला गेल्या, तेव्हा मी बाईंना त्या निजलेल्याचं विचारलं. ठेवू की सोडू? किती दिवस ठेवू? तिथं त्याला त्रास तर होत नाही ना?

बाईंनी एक अख्खं संत्रं सोललं, सावकाश, धागे काढत. मला अर्धं दिलं.

"ते निजलं आहे, त्याले कायचा ताण?" त्या म्हणाल्या. "ताण तुले बसून राहिला. बागेले ताण देणारा माणूस तो तोडायचं पण ध्यानात ठेवते. लांबला, का झाड वाळते."

मला रडू आलं. म्हटलं, म्हणजे सोडू म्हणता? त्यांनी मान हलवली. ते मी सांगणार नाही, म्हणाल्या, ते तुझं आहे. पण मग माझा हात आपल्या चिकट हातात घेतला.

"जवा सोडशील तवा फोनवर सोडू नोको. सोता जाजो. सारं आयुष्य थंडीत गेलं त्याचं, जाताना कोणाच्या हाताची ऊब तं लागली पायजे."

निघताना त्यांनी पिशवीभर संत्री दिली. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की बाईंनी या वेळी गोड होतं का ते विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, त्यांनी स्वतः खाल्लं होतं.

पावसाळ्यात बाई गेल्या. सासूबाईंना माहेरच्या कुणाचा तरी फोन आला, त्यांनी पोळी लाटता लाटता सांगितलं आणि लाटणं ठेवून तिथंच बसल्या. मला वाटलं होतं या हंगामात पुन्हा जाऊ. तेवढं एक राहिलं.

परवाच्या फोननंतर रात्रभर मी तळमळले. नवरा म्हणाला, तुला वाटेल तसं, मी तुझ्याबरोबर आहे. तो खरंच आहे, पण हे माझं होतं. काल मी दवाखान्यातल्या त्या मुलीला फोन केला आणि म्हटलं, सोडायचं आहे, पण मी येणार, आणि ते माझ्या हातात द्यायचं. तिला काही कळेना. डॉक्टरांना विचारून सांगते म्हणाली. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, येऊ द्या त्यांना, बाईंची पेशंट आहे.

आज सकाळी मुलीच्या डब्यात मी संत्रं सोलून दिलं आणि तशीच निघाले. दवाखान्याच्या दारात पोचले, तर सवयीनं बोटं नाकाशी गेली. वास होता. धावत बेसिनपाशी गेले, नळ सोडला, साबण घेतला. आणि हात पाण्याखाली धरणार, तेवढ्यात लक्षात आलं की आता त्याला कशाचंच भय नाही. मी नळ बंद केला.

फोनवरच्या त्या मुलीनं टाकी उघडली. पांढरी वाफ जमिनीवर उतरली. टाकीच्या कोपऱ्यात तीट नव्हती. ज्यात ते निजलं होतं ती बारीक काडी तिनं वर काढली, थोडा वेळ हवेत धरली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. इतकी हलकी, की ठेवली हे बघून कळलं. मी मूठ मिटली आणि छातीशी धरली. आधी गार लागलं, मग माझ्या हाताएवढंच कोमट झालं, मग काय माझं आणि काय त्याचं ते कळेना. मी त्याला एकही नाव दिलं नव्हतं, म्हणून नुसतंच जा म्हटलं. नीट जा.

लॅबमधली ती मुलगी बाजूला उभी होती. काहीतरी बोलायचं म्हणून हळूच म्हणाली, "संत्र्याचा वास येतोय ना मॅडम?"

"हो," मी मूठ तशीच धरून म्हटलं. "गोड होतं."